सही अजून केलेली नाही

लीलावहिनी,

किल्ली यशोदाकाकूंकडे ठेवली आहे.

गेले तीन महिने मी चार-चार दिवस बाजूला बसले, ते खोटं होतं. मला दिवस गेलेत, चौथा महिना आहे. दर वेळी अठ्ठाविसावा दिवस मोजून बसत होते. परवा तुम्ही म्हणालात, "आधी तुझा कधी मेळ नसायचा गं, हल्ली अगदी घड्याळ झालीस!" आणि हसला नाहीत.

माहीमच्या एका आश्रमात जाते आहे, पत्ता मागे लिहिला आहे; बाळंतपण तिथेच होईल. त्याने हात वर केले. नाव विचारू नका. तिथल्या बाई मूल दत्तक दे म्हणतात. मुलगा झाला तर वडाळ्याचं एक जोडपं न्यायला तयार आहे. छप्पन सालच्या नव्या कायद्याने मुलगीही दत्तक देता येते, हे मी वाचून गेले होते. बाई म्हणाल्या, "येते गं, पण मागतंय कोण?" मी अजून सही केलेली नाही.

सत्याग्रहाची शिक्षा संपवून दादा आला की त्याला तुम्हीच सांगा.

मुलगी झाली तर तिला घेऊन घरी यावं का? पत्र नको, तिथे फोडून वाचतात. गुरुवारी दुपारी भेटू देतात. तुम्ही आलात तर हो समजेन.

उर्मिला