एक महिना मराठी फुकट

तेलीबाग, लखनौ
१६ नोव्हेंबर २०१०

प्रिय नीलम,
सप्रेम जय भीम.

फोनवर सांगण्यासारखं असतं, तर कागद काढला नसता. सावकाश वाच आणि मधलं गाळू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे.

विषय म्हटला तर टीव्हीचा आहे. तू इथे इंटरनेट लावून दिलंस ना, त्या कंपनीचा माणूस गेल्या आठवड्यात आला होता. म्हणाला, "माताजी, इसी तार पर अब टीवी भी आएगा." एक डबा जोडून दाखवला. रिमोटवर भाषा निवडायची सोय, मराठीच्या चार वाहिन्या, आणि पहिला महिना फुकट. आपल्या केबलवाल्याकडे मराठी मागितलं की तो हसतो, "आंटीजी, तेलीबाग में मराठी कौन देखेगा?" आता हा कंपनीवाला शुक्रवारी हो की नाही ते विचारायला येणार आहे. फुकट ते पौष्टिक म्हणणारी तुझी आई, पण या एवढ्याशा डब्यापायी मला जेवण गोड लागत नाहीये.

त्याने मराठी बातम्या लावल्या तेव्हा बाबा खुर्चीत पुढे सरकले. ती बाई कुठल्याशा धरणातल्या पाण्याचं सांगत होती, आणि हे लहान मुलासारखे तिच्याकडे बघत होते. मग मला म्हणाले, "सुभद्रा, ही बघ, ही नीट बोलते." मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

का, ते सांगते. पावसाळ्यापासून बाबा टीव्हीचा आवाज बंद करून बसतात. आधी मी चिडवलं, बहिरे झालात म्हटलं, शेवटी कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कान ठणठणीत निघाले. रिक्षातून परत येताना मला हळूच विचारतात, "या लोकांना झालंय काय? सगळे एकदम वेगळंच बोलायला लागले." मला वाटलं, गंमत करतायत. मी हसले गं. ते हसले नाहीत.

आता तुझ्या बाबांची हिंदी म्हणजे काय होती, तुला सांगायला नको. रेल्वेच्या ऑफिसात हिंदी पखवाड्याचं पहिलं बक्षीस भाऊरावांना, तेही इथल्या शुक्ला-पांडे मंडळींना मागे टाकून! आणि मी कोण, तर पुलगावची अडाणी. लग्न होऊन आले त्या आठवड्यात दुकानात जाऊन "भैया, मीठ दे दो" म्हटलं, तर त्याने मला समोरचं मिठाईचं दुकान दाखवलं. इकडे नमक म्हणतात हे मला कुठे माहीत! त्या मिठावरून बाबांनी मला तीस वर्षं छळलं, पाहुण्यांसमोरसुद्धा.

गेल्या महिन्यात वरणात घालायला मीठ नव्हतं, म्हणून मी त्यांना कोपऱ्यावर पाठवलं. तासाभराने रिकाम्या हाताने, तणतणत आले. मी दुकानात गेले तर तो बिचारा म्हणाला, "बाबूजी मीठ-मीठ कह रहे थे, हमने गुड़ दिखाया, चीनी दिखाई, तो डाँटने लगे." मी त्याच्यासमोर हसून वेळ मारून नेली आणि घरी न्हाणीघरात कडी लावून रडले.

मग डोक्याच्या डॉक्टरकडे गेलो. विसरण्याचा आजार आहे, नीलम. तुला सांगितलं नाही, माझं चुकलं. डॉक्टर म्हणाले, काही जणांची नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची भाषा मागे राहते. मी विचारलं, ती तरी किती दिवस? त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. आम्ही निघताना एवढंच म्हणाले, यांना माणसांत ठेवा, हिंदी कानावर पडू द्या.

म्हणजे बघ माझी पंचाईत. डबा घेतला तर ते मराठीत शिरून बसतील आणि उरलीसुरली हिंदीही जाईल. मग उद्या रस्ता चुकले तर कुणाला काय विचारतील? दवाखान्यात कुठे दुखतं ते कसं सांगतील? आणि नाही घेतला, तर मुक्या टीव्हीसमोर बसून माणसांचे ओठ बघत राहतील. परवा भरदुपारी त्यांनी फाटकाला आतून कुलूप घातलं. म्हणाले, बाहेरचे लोक मला काहीतरी करायला सांगतात, काय ते मला कळत नाही. हल्ली कधीकधी माझ्या ओठांकडेही तसंच बघतात. मीही साठीच्या पुढे गेले. माझ्यामागे या शहरात त्यांचं बोलणं कोणाला कळणार?

डब्याला मी शुक्रवारी हो म्हणणार आहे, निदान कुणाचं तरी बोलणं त्यांना कळू दे. त्यासाठी तुला विचारत नाहीये. हे पत्र रविवारच्या तुझ्या फोनपायी लिहिलं. नेहमीसारखी तू बाबांशी दहा मिनिटं बोललीस, "पापा, घुटना कैसा है, टाइम पर खाते हो ना?" ते हं हं करत होते. फोन ठेवला आणि मला म्हणाले, "पोरगी मायाळू वाटते. पण काय बोलली, एक अक्षर कळलं नाही. आपल्या नीलमचा फोन का नाही आला गं?" तू शाळेतून यायचीस, आम्ही मराठीत विचारायचो, तू हिंदीत उत्तर द्यायचीस, आणि आम्ही वेडे त्याचंच कौतुक करायचो. तुला सगळं समजतं, फक्त बोलायची लाज वाटते. लाज सोड, बाई. मोडकंतोडकं बोल, चुकीचं बोल, मी हसणार नाही. पण या रविवारी बाबांशी मराठीत बोल. ते अजून तुझ्या फोनची वाट बघतायत.

तुझ्या मोडक्या मराठीसाठी आसुसलेली,
तुझीच
आई