दोन पांढरे पट्टे

शीअरर्स रन, पेनसिल्व्हेनिया
३ ऑक्टोबर १९९८

चि. ड्वाइट यास अ. आ.

तुझं पत्र पोचलं. गुडघा अजून कुरकुरतोय हे वाचून काळजी वाटली. पण राज्याच्या पोलिसांसारखं काउंटीच्या पोलिसांनाही वेग मोजायचं रडार मिळावं म्हणून मी सही करावी, हे काही जमायचं नाही बाबा. विरोधाच्या अर्जावर पहिली सही माझीच आहे. रडार आलं की तुमचे साहेब झुडपाआड बसून दंडापायी गावालाच लुबाडणार! माझ्या टपालपेटीसमोर रस्त्यावर दोन पांढरे पट्टे आखलेत, त्यांच्यामध्ये तू घड्याळ लावून गाड्यांचा वेग काढतोस, तेवढं पुरे आहे. आणि पुढे पोलीस असला की समोरून येणाऱ्याला गाडीचे दिवे मिचकावून सावध करणं ही आपल्याकडची रीत. धाकट्या भावाच्या वर्दीला भिऊन मी ती सोडायची नाही!

मलिंडा बायलर दर मंगळवारी अंडी घेऊन येते, त्यांच्या पंथात मोटार चालत नाही म्हणून घोडागाडीतूनच. तुझी चौकशी करते. गुडघ्याला शेक घे. लोभ असू दे.

तुझी ताई,
आर्लीन


१५ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मलिंडा गेली, हे तुला कळलंच असेल. मंगळवारी मी पट्ट्यांपाशीच होतो. लाकडाचा ट्रक आला, तो इतका शहाण्यासारखा हळू गेला, की मी त्याला शाबासकीचा हात केला. चढापलीकडे त्याने वेग घेतला आणि तिच्या घोडागाडीला मागून उडवलं. रडार असतं तर कुठेही उभं राहता आलं असतं. हे पट्टे कुठे आहेत ते साऱ्या गावाला पाठ आहे.

तो केलेला हात डोळ्यांपुढून हलत नाही. राजीनामा लिहून ठेवलाय, २२ तारखेची शाळेतली रडारची सुनावणी झाली की देईन. तुझ्यावर राग नाही. तुझ्या सहीने काही ट्रक पळाला नाही.

तुझा,
ड्वाइट


१८ ऑक्टोबर

चि. ड्वाइट यास अ. आ.

राजीनामा फाडून टाक. तो ट्रक शहाणा नव्हता रे. त्या दिवशी मलिंडा अंडी देऊन घराकडे गेली आणि मी उलट बाजूला, दुकानाकडे निघाले. तुझ्यासमोरूनच गेले. पुढच्या वळणावर तो ट्रक भरधाव येताना दिसला. मी दोनदा दिवे मिचकावले. त्याने टोपीला हात लावून आभार मानले, आणि तुझी फजिती केली म्हणून मी हसले.

काल मलिंडाचा नवरा ईलाय अंडी घेऊन आला. म्हणाला, मंगळवारी तुला एक डझन कमी पडली होती, ती द्यायची राहून गेली, तिने टोपलीवर तुझं नाव लिहून ठेवलं होतं. ट्रकवाल्याच्या घरी जाऊन त्याला क्षमा करून आलो, असंही म्हणाला. त्यांच्या पंथात तशीच रीत आहे. मी दारात उभ्या उभ्या अंडी तेवढी घेतली.

आज ईलायकडे जाऊन दिव्यांचं सांगणार आहे. सुनावणीतही सगळ्यांसमोर सही मागे घेईन आणि का ते सांगेन. तू समोर बस, म्हणजे माझी जीभ अडखळणार नाही.

लोभ असू दे, असं मी दर पत्रात लिहिते. आज तो मागायचा धीर होत नाही.

आर्लीन