दोघेही वाहक

फुलचूर, गोंदिया
फेब्रुवारीतला रविवार

प्रिय उमेंद्र,

तुझा मेसेज मिळाला होता. ‘मंजूताईचं कळलं, काय बोलू सुचत नाही,’ एवढाच. मी उत्तर दिलं नाही, कारण मलाही काही सुचत नव्हतं. आई-बाबा गावी परत गेलेत आणि आम्हा दोघी बहिणींच्या खोलीत मी एकटीच आहे. फोन करायचं ठरवलं होतं, पण तुझा आवाज ऐकला की मी रडणार आणि सांगायचं ते राहूनच जाणार. म्हणून सरळ कागद घेतला. कागदावर निदान तू मध्ये बोलणार नाहीस.

ऑफिसात तुझ्या खुर्चीवर आता बालाघाटची एक मुलगी बसते. हुशार आहे, पण आपण ज्यात सॉफ्टवेअर लिहितो ते लारावेल तिला नवीन. गेल्या आठवड्यात तिने मला विचारलं, दीदी, हर पेशंट के सामने उसकी भरती की गिनती कैसे दिखाऊँ? हाच प्रश्न मी तुला विचारला होता, याच टेबलाशी, आणि माझ्यासोबत आलेली मंजू मागच्या बाकावर पाय वर घेऊन बसली होती. सिकलसेलवाल्या संस्थेचं काम आपल्याकडे नुकतंच आलं होतं. मी प्रत्येक रुग्णाच्या दवाखान्यातल्या भरतीच्या सगळ्या नोंदी एकेक करून मागवत होते आणि मग मोजत होते, आणि संस्थेच्या डॉक्टर मॅडमच्या कंप्युटरवर ते पान उघडेपर्यंत त्यांचा चहा संपत होता. तू हसलास. म्हणालास, “सिर्फ गिनती चाहिए ना? मग सगळ्यांना घरातून बाहेर कशाला बोलावून राहिलीस? डेटाबेसलाच विचार ना, किती आहेत म्हणून.” आणि नुसता आकडा मागणारी विथकाउंटची एक ओळ टाकलीस. पान झटकन उघडलं. मंजू मागून म्हणाली, “एवढ्यासाठी दिवसभर बसून राहिली होती का वं पमे?”

तुला आठवत असेल, त्याआधी मी दोन टेबलं जोडून आकडा काढायचाही प्रयत्न केला होता, आणि ज्यांची एकही भरती नव्हती ते रुग्ण पानावरून गायबच झाले होते. मॅडमना नेमके तेच हवे होते. दुखणं अंगावर काढत घरात पडून राहणारे, दवाखान्याची पायरी न चढलेले. तू त्यांच्यासाठी वेगळी क्वेरी लिहिलीस, ज्यांच्याशी एकही नोंद जोडलेली नाही अशांची. मंजू उठून आपल्या पाठीशी येऊन उभी राहिली. त्या पानावर तिच्या ओळखीची गावं होती. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “जे येतच नाईत त्यांनाही हा पायते? मंग बरं हाय.” त्या दिवसापासून ती तुला जावई म्हणायला लागली. आपण तोवर एकमेकांना काही बोललोही नव्हतो.

मी त्या कामात का पडले ते तुला ठाऊक आहे. आमचं घर तलाववाल्यांचं. सडक अर्जुनीकडच्या आमच्या गावचा तलाव आजोबांच्या आजोबांनी बांधला असं बाबा सांगतात, आणि त्या तलावात उतरायला आम्हा भावंडांत एकट्या मंजूला बंदी होती. गार पाणी अंगाला लागलं की सिकलसेलने तिची हाडं दुखायला लागत. आम्ही शिंगाडे काढायला उतरायचो, ती बांधाच्या पाळीवर बसून कुणाचा शिंगाडा मोठा ते ठरवायची. दुखणं सुरू झालं की आई तिचे पाय धरून बसायची, दाबायची, शेकायची, आणि मंजू आईलाच शिव्या द्यायची. मग दुखणं ओसरलं की दोघी मिळून हसायच्या. मी हे बघत वाढले.

रक्ततपासणीच्या शिबिराचा दिवस मी कितीदा तरी मनात परत आणला. सडक अर्जुनीच्या शाळेत लोक जमले होते, पण रक्त द्यायला कुणी पुढे येईना. मॅडम म्हणाल्या, चला, सॉफ्टवेअरवाले आधी. तू बाही वर केलीस, तुझ्यामागे मी. लोक हसले आणि रांग लागली. घरात मंजूला आजार, म्हणजे माझी तपासणी लहानपणीच व्हायला हवी होती. पण मला कधी साधा तापही येत नसे, म्हणून कुणी केली नाही. पक्का रिपोर्ट आला तेव्हा तुझी आई आमच्या घरी साडी देऊन गेली होती आणि बाबांनी आपल्या लग्नासाठी उन्हाळ्यातला मुहूर्त बघायला सांगितलं होतं. मॅडमनी आपल्याला दोघांना आत बोलावलं, दार लावलं. तूही वाहक, मीही वाहक. आपल्याला स्वतःला काही होणार नाही, पण आपल्याला होणाऱ्या प्रत्येक मुलामागे चारांत एक शक्यता मंजूच्या आजाराची. हे वाक्य आपण दोघांनीच त्या सॉफ्टवेअरच्या माहितीपानावर टाकलं होतं. मॅडम बोलत होत्या आणि मला ते पाठ येत होतं.

तू घाबरला नाहीस. मला त्याचा आजही हेवा वाटतो. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर म्हणालास, नागपूरला गर्भाची तपासणी होते, आपण करू. मी म्हटलं, आणि मूल मंजूसारखं निघालं तर? ते नको असं मी ठरवलं असतं, तर घरी येऊन मंजूच्या हातचा चहा कसा प्यायले असते, सांग. आणि हवं असं ठरवलं असतं, तर त्याचे पाय धरून बसताना त्याला काय सांगितलं असतं? दोन्ही माझ्याच्यानं होणार नव्हतं. मग तू म्हणालास, मूल नको आपल्याला. तू खरंच म्हणत होतास. पण मी तुला शिबिरात बघितलं होतं, सुईला घाबरून रडणारी पोरं एकामागून एक तुझ्या मांडीवर येऊन बसत होती. म्हणून मी नाही म्हटलं, आणि पुन्हा पुन्हा नाही म्हटलं, आणि तू पुण्याची नोकरी घेतलीस.

मंजू माझ्यावर किती चिडली होती ते तुला कधी सांगितलं नाही. तिला वाटलं मी तिच्यामुळे नाही म्हणते, आणि ते खरंच होतं, पण तिला वाटलं तसं नव्हतं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, “काऊन वं, माझ्यासारखी पोरगी होईल म्हनून भेऊन राहिली का? मी काय एवढी खराब आहो का?” मी तिला समजवायला गेले तर तिने हात झटकला. “मी जन्माले यावं का नाई, हे मले कोनी विचारलं नाई. पन विचारलं असतं ना, तं मी हो म्हटलं असतं.” उमेंद्र, ते ‘हो’ तिचं होतं, सगळी दुखणी सोसून कमावलेलं. ते दुसऱ्या कुणाच्या वतीने मी कशी म्हणू, एवढंच माझं म्हणणं होतं. पण तिच्यासमोर तेही तोंडातून निघालं नाही.

तू गेलास त्या दिवशी स्टेशनवर मी आले नाही, ती आली. चिवड्याचा डबा तिनेच केला होता. परत आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, “रडून राहिला होता तुझा नवरदेव. मले म्हने कचरा गेला डोळ्यात. गाडी उभीच होती, कचरा कुठून येईल?” मग माझ्या शेजारी बसली.

आता ती कशी गेली ते सांगते, कारण तुला कुणी नीट सांगितलं नसेल. यंदा थंडी खूप होती. तिला आधी ताप आला, मग खोकला, मग छातीत दुखायला लागलं. मी तिला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्यांनी सगळं केलं, ऑक्सिजन, रक्त, सगळं. एक दिवस बरंही वाटलं. त्या दिवशी तिने थंड्याची बाटली मागितली आणि मी नाही म्हटलं तर शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, “पाहा ना मावशी, बहीण आहे का जेलर?” दुसऱ्या दिवशी श्वास पुरेना. आई तिचे पाय धरून बसली होती, नेहमीसारखी. मंजू आईला म्हणाली, “सोड आता, दुखून नाई राहिले.” आम्हाला बरं वाटलं. दुपारी ती गेली.

आमच्या गावच्या तलावाकाठीच तिला अग्नी दिला. बाबा पाण्याकडे बघत नव्हते.

कामावर परत आले त्या आठवड्यात मॅडमना गावनिहाय आकडे हवे होते, कोणत्या कुटुंबात किती रुग्ण. मी पान उघडलं. आमच्या घरापुढे शून्य. गावच्या कार्यकर्तीने मंजूची नोंद काढून टाकली होती. तिचं चुकलं नाही, माणूस गेला की काढायचं असंच तिला शिकवलं होतं, आणि शिकवणारी मीच होते. आपण लारावेल जसं लावलंय त्यात अशी नोंद खरं तर जात नाही, आत कुठेतरी असते, फक्त मोजणीत धरली जात नाही, हेही तूच सांगितलेलं. शून्य असलेलं घर म्हणजे ज्या घरात हा आजार कधी नव्हता ते घर. आईचे हात आठवले. मी कुणाला न विचारता ती मोजणी बदलली. आता काढून टाकलेल्याही धरल्या जातात आणि गेलेल्यांचा रकाना वेगळा दिसतो. मॅडमनी पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, हे आधीच असायला हवं होतं. अशी कितीतरी घरं निघाली. मी आकडे वाचले नाहीत, त्यांना पाठवून दिले.

आता जे सांगायचं ते. मंजूच्या तेरवीला तुझी आई, आमच्या रुख्माकाकू, आल्या होत्या. त्यांनी माझ्या आईला जवळ घेतलं, दोघी रडल्या. मग निघताना मला न्हाणीजवळ गाठून म्हणाल्या, “पमे, आमच्या उमेंद्रचं जमलं. तिरोड्याची चंदा. पोरगी शाळेत मस्टरीन आहे, गुणाची आहे.” मी बरं झालं म्हटलं. खरंच म्हटलं. त्यांनी माझा हात धरला. “तो रिपोर्टचा विषय तिकडं कायले काढाचा? पोरगा तं धट्टाकट्टा आहे. तू कोनाले बोलजो नोको, बाई. तुले माझी शपथ.” त्या वाईट नाहीत. एकदा जमलेलं मोडताना त्यांनी पाहिलंय, पुन्हा मोडेल म्हणून भ्यायल्यात. मी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. घरात पाहुणे होते. तुला हे माहीत आहे की नाही, मला ठाऊक नाही. माहीत नसावं असं मी धरून चालले आहे.

तिरोडा तालुक्याच्या शिबिरांचा सगळा डेटा आपल्याचकडे आहे. चंदा तिथल्या कॉलेजात शिकली असेल तर तिची तपासणी झालेली असू शकते. काल मी ऑफिसात स्क्रीनसमोर बसले. या नावाची व्यक्ती, जिच्याशी तपासणीची नोंद जोडलेली आहे, आणि निकाल वाहक, एवढं विचारायला एक ओळ पुरते. ती लिहायला मला तूच शिकवलंस. मी लिहिली नाही. तिने आपला हात पुढे केला असेल तो मॅडमवर विश्वास ठेवून, माझ्यासाठी नव्हे. आणि खरं सांगू? निकाल काय आला असता तर मला बरं वाटलं असतं, हे माझं मलाच नीट सांगता येईना. म्हणून कंप्युटर बंद केला आणि घरी आले, आणि आज हे पत्र लिहायला बसले. तूच विचार तिला. आधी स्वतःचं सांग, तोंडाने सांग, आईच्या किंवा मध्यस्थाच्या हाती नको, आणि मग दोघं मिळून तपासणीला जा. ती स्वच्छ निघाली तर तुमचं कुठलंच मूल मंजूसारखं दुखणार नाही. फार तर तुझ्या-माझ्यासारखं वाहक असेल. मग लग्न कर आणि मनापासून कर. ती वाहक निघाली, तर काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. आपलं उत्तर तिचंही असेलच असं नाही, तिला तिचं सापडू दे. पण तिला न सांगता तिच्या गळ्यात माळ घालू नकोस. शपथ मोडल्याचं पाप माझ्यावर. तुझं लग्न सुखाचं होवो असं शेवटी लिहिणार होते. ते अजून मनातून येत नाही. येईल. उत्तर पाठवू नकोस.

या कागदापुरती तरी तुझीच,
प्रेमिला