बॉनेट त्याचं

सोमवार, ८ मे

गाडी पुन्हा मेली! त्याच चढावर. धक्का नाही, खोकला नाही — दिवा विझावा तशी. हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला. नवरा, मानुसोस, शेजारी बसलेला, पाय सुजलेले. फोनला रेंज नाही म्हणून टेकाड चढले. परत येते तो इंजिन चालू! "थंड झाली," म्हणाला. पण तोवर त्याच्या डायलिसिसची वेळ टळली होती. गाडी वळवली.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं — असं चुकत गेलं तर फुप्फुसात पाणी भरेल. नवरा म्हणतो, "मला काय सांगता? गाडीला सांगा."

मंगळवार, ९ मे

गाडीवाल्यांना सांभाळणाऱ्या संत ख्रिस्तोफोरोसचा दिवस. पाद्र्याने गावातल्या सगळ्या पिकअपवर पवित्र पाणी शिंपडलं. आमच्या गाडीवर जरा जास्तच. बघू.

हारिदिमोस मेकॅनिक तिथंच भेटला. "आर्गिरोकाकू, हे काम सेन्सरचं. इंजिन फिरतंय की नाही ते सांगणारा. जुना झाला, तापला की मुका होतो, आणि गाडी डिझेलच तोडते."

"तापल्यावर मुका? मग माझ्या नवऱ्यापेक्षा बरा."

सगळे हसले. मानुसोस नाही हसला.

बुधवार, १० मे

डायलिसिसला पाद्र्याच्या गाडीतून नेलं. रोज कोण नेणार?

गुरुवार, ११ मे

नवा सेन्सर बसला. लगेच चारा आणायला गेले. ऊन रणरणतं, मागे गासड्या, तोच चढ. शेळीसारखी चढली!

अथेन्सहून लेफ्तेरिसचा फोन. "आई, विक ते खटारं. दोघं इकडं या." म्हटलं, "तुझ्या चौथ्या मजल्यावर शेळ्या कुठं बांधू? बायकोला विचार." पण बापाचं डायलिसिस लागोपाठ दोनदा चुकलं तर येऊन दोघांना घेऊनच जाणार, असं फोन ठेवता ठेवता म्हणाला.

शुक्रवार, १२ मे

निघताना मानुसोसने बॉनेट उघडलं. तेल बघायचं, इंजिनावर तीनदा क्रूस काढायचा, बंद करायचं. डोळे अधू झाल्यापासून चालवते मी, पण बॉनेट त्याचं. बाईने हात लावायचा नाही. इथले सगळे पुरुष असलेच.

आणि त्याच चढावर मेली!! नवा सेन्सर असून! डायलिसिस परत बुडालं.

हारिदिमोसला नाही नाही ते बोलले. "काकू, आईशप्पथ नवाच बसवलाय!" संध्याकाळी स्वतः येऊन फिरवून आला. तारा तपासल्या, सॉकेट काढून घातलं. काही नाही. डोकं खाजवत गेला.

रविवार, १४ मे

म्हातारा आता बसूनच झोपतो. आडवा झाला की धाप लागते.

काल बाजाराला गेले, आज चर्चला. एकदाही बंद पडली नाही. डायलिसिसला निघाली की मरते. गाडीला वार कळतो?

सोमवार, १५ मे

मानुसोसने बॉनेट बंद केलं आणि टोपी आणायला आत गेला. मी उघडलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

सेन्सरचं सॉकेट कसंबसं टेकवलेलं. त्याला धरून ठेवणारी लाल क्लिप नाही! कालपर्यंत होती — चर्चहून आल्यावर हारिदिमोस परत तपासायला आला, तेव्हा बॉनेट उघडून मला बोट लावून दाखवली होती. चढावर गाडी थरथरली की सॉकेट सुटणार. मी फोनसाठी टेकाडावर गेले की त्याने परत बसवून टाकायचं.

सॉकेट दाबलं, कुंपणाच्या तारेने आवळून बांधलं. बॉनेट बंद केलं. बोलले नाही काही.

चढ आला. त्याने दाराची दांडी घट्ट धरली. वाट बघत होता. गाडी चढून गेली. मग माझ्याकडे बघितलं.

खिशातून क्लिप काढून काचेखाली चिकटवलेल्या संताच्या तसबिरीपाशी ठेवली.

"शिव्या दे."

"दरीत गेलो असतो तर, गाढवा?"

"चढावर नाही जात दरीत. बघितलं होतं मी." टोपी काढून मांडीवर ठेवली. "चार वर्षं त्या खुर्चीत, आर्गिरो. दमलो. तुला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती."

"म्हणून गाडीवर ढकललंस."

यंत्राला लावून आणला. रात्रभर माझा डोळा लागला नाही, त्याचाही नाही.

बुधवार, १७ मे

बॉनेट त्याने उघडलं नाही. मीही नाही. तुतीखाली बसून कॉफी घेतली. डॉक्टरीणबाईंना त्याने स्वतः फोनवर सांगितलं, आता यंत्राला येणार नाही. मग मी लेफ्तेरिसला फोन लावला. म्हटलं, गाडी ठीक आहे. तू ये.