बोभाटा

अल अझीझिया, दोहा
२२ ऑक्टोबर २०२२

प्रिय वलीभाई,

अस्सलाम अलैकुम. माझा लेक कमाल उद्या रत्नागिरीला निघतोय. त्याच्या हाती खजूर, केशर आणि हे पत्र देते आहे. फोनवर नको तो विषय निघाला की तू "खलास, नंतर बोलू" म्हणतोस. कागदाला तसं गप्प करता येत नाही.

इथे वर्ल्डकपची धांदल आहे, रस्तोरस्ती झेंडे. मी हल्ली डोक्याला रुमाल बांधते. इतकी वर्षं तू सांगून झालं नाही ते झालं. खूश हो.

आता खरी बातमी. काल मराठी मंडळींच्या मेळाव्यात आपली नूरैन बोलली. मराठीत! घरात चहा विचारला तर "नो थँक्स, अम्मी" म्हणणारी पोर! कार्यक्रम ठरवणारी मृणालिनी मला म्हणाली, "रबियाताई, माईक दुसऱ्याकडे आणि तुम्ही खाली? तब्येत बरी आहे ना?" सगळे हसले. मीही हसले.

नूरैन प्रयोगशाळेत कॅन्सरच्या मरणाऱ्या पेशींचा अभ्यास करते. म्हणाली, "पेशी कशी मरते, ते इम्पॉर्टन्ट आहे. काही गुपचूप मरतात. शरीर त्यांना झाडून टाकतं, कुणाला कळत नाही. काही मात्र मरताना खूप... अम्मी, व्हॉट्स द वर्ड?"

मी जागेवरून ओरडले, "बोभाटा!"

"यस, बोभाटा करतात. मग पहारेकरी पेशी धावत येतात, मेलेलीचे तुकडे उचलतात आणि लढणाऱ्या पेशींना दाखवतात, की शत्रू असा दिसतो. मग लपलेले शत्रूही शोधले जातात."

कुणी तरी विचारलं, "म्हणजे कॅन्सर बरा होणार?"

"तसं नाही, काका. काही मरणाऱ्या पेशी उलट फौजेला झोपवतात. कुठल्या औषधाने कसं मरण येतं, तेच शोधतोय."

खोटी आशा वाटून टाळ्या मिळवल्या नाहीत माझ्या लेकीने. मी एवढी व्यासपीठं गाजवली, पण कालच्याइतकी ताठ मानेने कधी बसले नव्हते.

वलीभाई, तो शब्द मला तुझ्यामुळे आठवला. जैतूनभाभीने छातीतल्या गाठीचं मला हळूच सांगितलं, मी तुला फोन केला, तर तू म्हणालास, "मुलींची लग्नं व्हायची आहेत. बोभाटा नको." अम्माच्या वेळीही आपल्या घरात हेच चाललं. "अशक्तपणा आहे" एवढंच सगळ्यांना सांगितलं. अम्मा गेली, आणि कशाने गेली हे शेजारणींनाही कळलं नाही. अम्मालाही नाही.

त्याच फोनवर मला आणखी एक सांगायचं होतं, पण तू खलास म्हणालास. म्हणून इथे लिहिते. रुमालाखाली केस नाहीत. मलाही गाठ होती. लवकर सापडली. शिरेतून केमोचं लाल औषध घेते आहे. त्याने मरणाऱ्या पेशी बोभाटा करतात असं प्रयोगांत दिसलंय, पण नूरैन बजावते, "नो प्रॉमिसेस, अम्मी." वचन मागतंय कोण? मला लढाई हवी आहे.

काल तिचं झाल्यावर मी उठले, माईक घेतला, रुमाल सोडला आणि आजाराचं नाव घेतलं. नूरैन रडत होती, पण मान वर होती. नंतर मागच्या रांगेतल्या दोघी बाजूला घेऊन विचारू लागल्या, "ताई, तुमची डॉक्टर कोण?"

आणि लग्नं! आईच्या आजाराला जो घाबरतो, त्याच्या घरी आपल्या पोरी पाठवायच्याच कशाला?

हे पत्र मुलींसमोर मोठ्याने वाच. भाभीला तपासणीला न्यायला सोमवारी कमाल गाडी घेऊन दारात येईल. तू तिच्या शेजारी बस. नाही बसलास, तर माझं पुढचं भाषण तुझ्या अंगणात, सगळ्या मोहल्ल्याला बोलावून.

केस गेलेली, आवाज शाबूत असलेली,
तुझी बहीण
रबिया