दारावरचं झाकण

४ फेब्रुवारी, मंगळवार

तीन टाके! उजव्या भुवईच्या वर. आणि रागिणी मला फोनवर सांगते, "काई न्हाई मॅडम, नुसतं खरचटलं."

दवाखान्याच्या मोठ्या दाराला आपोआप सरकणाऱ्या काचा आहेत. त्या काचांच्या वर एक लांब पेटी, मोटर, पट्टा, वायरी सगळं तिच्यात. पेटीवर आठ फुटी ॲल्युमिनियमचं झाकण, नुसतं दाबून बसवलेलं. ते काढायला दोन शिड्या, दोन माणसं लागतात. दवाखान्याची विजेची आणि दारांची सगळी दुरुस्ती रागिणीकडे, पण दुसरं माणूस तिला आजवर कुणी दिलं नाही. आज एक टोक हातात राहिलं, दुसरं सुटून कपाळावर आलं.

संध्याकाळी बघून आले. बाकावर बसली होती, कपाळाला पट्टी, मांडीवर स्क्रूड्रायव्हर. आयटीआयत मी तिला यांत्रिक रेखाटन शिकवत होते तेव्हा शीट चुकलं की अशीच बसायची.

"दार दुरुस्त झालं का?" मी विचारलं.

"झालं की. रगत पुसलं, मंग पट्टा बसवला."

या पोरीला मी काय म्हणू!

५ फेब्रुवारी

मॅनेजर विश्वजीत यांना भेटले. खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग म्हणाले, "मॅडम, हे बाईमाणसाचं काम नाही. एक मार्चपासून नांदेडहून माणूस येईल. रागिणीला केसपेपरच्या खिडकीत बसवतो. एसी आहे तिथं."

एसी! सात वर्षं तुमची दारं, पंखे, जनरेटर चालवणाऱ्या हातांना एसीचं आमिष!

मी विचारलं, "झाकण पडलं हा दोष झाकणाचा की पोरीचा?"

"झाकण कंपनीचं आहे, मॅडम." म्हणजे जणू आकाशातूनच उतरलंय.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी राग गिळायला शिकवलं होतं. त्या एका विषयात मी कायम नापास. म्हटलं, "एका माणसाला एका हाताने उघडता येईल असं झाकण अठ्ठावीस तारखेच्या आत आणून देते. नाही जमलं तर आणा तुमचा नांदेडवाला."

ते हसले. म्हणाले, "करा."

बाहेर आमचे दत्तोपंत स्कूटरवर वाट बघत होते. "आज कुणाला धुतलं?"

६ फेब्रुवारी

बोलून तर बसले. आता करायचं कसं?

८ फेब्रुवारी

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून झाकण केलं. वरच्या कडेला बिजागऱ्या, म्हणजे पेटाऱ्यासारखं वर उघडेल. दुपारी गर्दी नसताना रागिणी ते घेऊन शिडीवर चढली. उघडलं चार बोटं, आणि ठप्प! वर छत. वरचं छत मी मोजलंच नव्हतं!

रागिणी वरून म्हणाली, "छत पाडायचं का, मॅडम?"

टाके ओले आहेत आणि थट्टा सुचते.

११ फेब्रुवारी

आता बिजागऱ्या खालच्या कडेला. झाकण खाली लोंबेल, छताची भानगड नाही. मी खूश होते. पण झाकण लोंबलं ते नेमकं सेन्सरच्या पुढ्यात. दाराला वाटलं, कुणी आलं. उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. औंढ्याहून आलेली एक म्हातारी पायरीवर थांबली ती आत येईचना. "आधी ह्याचं ठरू द्या," म्हणाली.

सगळे हसले. रागिणी तर शिडी धरून हसत होती. मला मात्र घरी येईपर्यंत हसू आलं नाही. सतरा दिवस उरले. खिडकीतल्या एसीत ही पोरगी कशी दिसेल ते डोळ्यांसमोरून जात नाही.

१४ फेब्रुवारी

वारंगा फाट्याला जाऊन आलो, मी आणि रागिणी. तिथे रामकिशनचं वर्कशॉप आहे. ट्रकच्या बॉड्या करतो, ॲल्युमिनियमच्या खिडक्याही करतो. त्याच्याशी बोलत होते तर रागिणी गायब. बघते तर समोर एका ट्रकमधून तुरीची पोती उतरत होती आणि ही ट्रकच्या मागच्या फळीकडे, फाळक्याकडे, टक लावून उभी.

"मॅडम, ह्ये बघा. खाली पडतंय, पण साखळीवर आडवंच थांबून राहिलंय."

खरंच की! फाळका लोंबत नाही, आडवा राहतो. सेन्सरच्या आड येणार नाही. आणि बिजागरीचे खिळे सगळे एकाच दिशेला तोंड करून. फाळका दोन बोटं बाजूला सरकवला की पुरा निघून हातात. उघडतंही, निघतंही!

"आन् आठ फुटी एकच कशाला?" ती म्हणाली. "चार-चारची दोन करू. आमच्या गावाकडं साखऱ्याला मी मेंढरू खांद्यावर घेऊन वढा वलांडत होते. चार फुटी पत्रा काय चीज हाय!"

रामकिशन म्हणाला, "बाई, पोरगी हुशार हाय. तुमी नुसतं कागदावर काढून द्या."

नुसतं! पण राग आला नाही. परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. खांदा अवघडला. हलवला नाही.

१७ फेब्रुवारी

तीन दिवस ड्रॉइंग बोर्डवर. हात आता पूर्वीसारखा स्थिर नाही, रेघ शेवटाला थरथरते. दत्तोपंतांनी न बोलता सहा पेन्सिली टोकदार करून ओळीने ठेवल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! कंपनीच्या छापील कागदावरून पेटीचा आकार उतरवला, मापं मात्र माझी. आज रामकिशनला पाठवलं.

२४ फेब्रुवारी

झाकणं आली. देखणी! कडा घासलेल्या, कोपऱ्यांना गोलाई.

आणि बसेनात. म्हणजे बिजागरीसकट स्क्रूने आवळली तर बसतात, उघडतात, पण सरकवून निघत नाहीत. खिळ्यांची तोंडं उलट. झाकण डावीकडे सरकायला हवं तर हे सरकतं उजवीकडे, आणि उजवीकडे एका बोटावर खांब.

तिथूनच रामकिशनला फोन लावला. काय काय बोलले! "कागद वाचता येत नाही तर काम कशाला घेता?" तो एवढंच म्हणाला, "बघतो, बाई."

रागिणी शिडीवर. गप्प.

२५ फेब्रुवारी

चूक माझी आहे.

सकाळी कागद काढून बसले. पेटी दाराच्या आतल्या बाजूला, म्हणून मापं मी आत उभं राहून घेतली. कंपनीच्या कागदावरचं चित्र बाहेरून बघितलेलं. मी ते तसंच उतरवलं आणि आतली मापं त्यावर टाकली. डावं ते उजवं झालं. रामकिशनने कागदावर होतं ते तंतोतंत केलं. एकतीस वर्षं या चुकीला मी पोरांच्या शीटवर लाल पेन्सिलीने शून्य दिलं!

रागिणीला फोन केला. चूक सांगितली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुला कळलं होतं?"

"व्हय. शिडीवरच कळलं."

"मग गप्प काहून बसलीस?"

"विश्वजीत सर खाली उभे होते ना, मॅडम."

मग तीच म्हणाली, "रामकिशनभाऊंला रात्रीच फोन केला म्या. म्हनलं, मॅडमचं मनावर घेऊ नका."

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

रामकिशनचं वर्कशॉप आज बंद. तो औंढ्याला दर्शनाच्या रांगेत. तरी फोन केला. माफी मागितली. दत्तोपंत वर्तमानपत्राआडून ऐकत होते. माझ्या तोंडून हा शब्द त्यांनीही क्वचितच ऐकला असेल.

"बाई, नागनाथाच्या दारात उभा हाय, खोटं बोलनार न्हाई," रामकिशन म्हणाला. "लई राग आलता." मग मागून ढकलाढकली, घंटा, कुणाचं तरी लेकरू रडतंय. "उद्या सकाळी झाकणं धाडून द्या. खिळे कापून उलट जोडतो. दुपारपस्तोर होतंय बराबर."

उपासाचं काही खाल्लं नाही.

२७ फेब्रुवारी

झाकणं आली. बघितली. पुन्हा बघितली. दत्तोपंतांना आत उभं केलं, मी बाहेर, मग उलट. "आता मी कुठल्या बाजूचा ते तरी सांग," म्हणाले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विश्वजीत, दोन डॉक्टर, अर्धा स्टाफ. शिडी एकच. रागिणीने डावा हात मुद्दाम पाठीमागे धरला. उजव्या हाताने खटका दाबला, झाकण आडवं आलं, साखळीवर थांबलं. तेवढ्यात बाहेरून एक बाई लेकराला घेऊन आली. दार उघडलं, ती आत गेली, दार मिटलं. तिने वर बघितलंही नाही.

मग रागिणीने साखळी सोडली, झाकण दोन बोटं डावीकडे सरकवलं आणि पाटीसारखं काखेत घेऊन खाली उतरली.

विश्वजीत यांनी स्वतः शिडीवर चढून एकदा करून बघितलं. मग म्हणाले, "नांदेडला नको म्हणून कळवतो. मागच्या दाराचंही असंच करून घ्या."

मला काहीतरी खरमरीत बोलायचं होतं. दोन दिवस घोकलं होतं. रागिणीकडे बघितलं आणि राहून गेलं. भुवईवरची खूण गुलाबी झालीय.

२ मार्च, रविवार

रागिणी जेवायला आली होती. मी पुन्हा विश्वजीतच्या नावाने सुरू झाले. बाईमाणसाचं काम नाही म्हणे!

ती भाकरी मोडता मोडता हसली. "तुमीबी तेच म्हनल्या होत्या की, मॅडम. ॲडमिशनच्या टेबलावर तुमीच बसल्या होत्या. 'वीजतंत्री कशाला, शिवणकाम घे. शिडीवर चढशील का तू?'"

मला आठवत नाही. अजिबात नाही. दहा वर्षं ही पोरगी या घरात येते-जाते.

"मग माझ्याकडेच का येत राहिलीस गं?"

"म्या उठलेच न्हाई खुर्चीवरून. मंग तुमी सही केली."

तिने आणखी अर्धी भाकरी मागितली. मी अख्खी वाढली.