चालक सक्षम

१९ फेब्रुवारी
हाचिनोहेच्या ट्रक आगारात पहिला दिवस. ऊन पडलं होतं, छपरांवरचा बर्फ ठिबकत होता. उपाहारगृहात गरम मिसो सूप मिळालं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

ट्रक महामार्गावर आपला आपण चालतो. चालकाने जागं राहायचं, एवढंच. कॅमेरा डोळे पाहतो, मनगटावरचा पट्टा नाडी मोजतो, आणि दर मिनिटाला एक बाई गोड आवाजात सांगते, “चालक सक्षम.”

हाच ट्रक माझा जुळा भाऊ तेरुकी चालवायचा. चौदा जानेवारीला त्याला डुलकी लागली आणि ट्रक कठड्यावर आदळून तो गेला, असं कंपनी म्हणते. चिझुरू वहिनीला ते पटत नाही. मलाही नाही. म्हणून ही नोकरी धरली.

सकाळच्या हजेरीला दारूच्या तपासणीसाठी नळीत फुंकायचं, फोन जमा करायचा, मग आगारप्रमुख हाताकेनाका-सान शिक्का मारतात. माझा चेहरा यंत्रात नोंदवायचा होता. ते म्हणाले, “थोबाड तेच आहे की! यंत्र ओळखतंय तुला. अर्धा तास कशाला घालवू?”

२३ फेब्रुवारी
ओनोदेरा-सान सर्वांत जुने चालक. मला पाहून ओरडले, “आला दुसरा डुलक्या! उशी आणलीस का रे?” सगळे हसले. मी मान झुकवली आणि ट्रककडे गेलो.

ट्रकचं काहीतरी बिघडलंय. पापणी लवली की शिट्टी वाजते. आरशात पाहिलं तरी शिट्टी. “चालक असामान्य.” तक्रार केली, तर हाताकेनाका-सान म्हणाले की भावासारखं नीट बस, त्याची कधी कुरकुर नव्हती.

२७ फेब्रुवारी
ट्रक चालू असताना पडद्यावर जुनी नोंद उघडते. मी भावाच्या नावाने बसतो, म्हणून त्याची उघडली. १४ जानेवारी. दोन वाजून दहा मिनिटांनी नाडी शून्य. नजर एका जागी. धडक दोन एकवीसला.

अकरा मिनिटं. दर मिनिटाला: चालक सक्षम.

तो झोपला नव्हता.

१ मार्च
हाताकेनाका-सानना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. यंत्र चालकाच्या सवयी शिकतं, म्हणाले, शेवटची सवय सगळ्यात पक्की. चार तारखेला जुनं सगळं पुसून माझा चेहरा नोंदवतील. छापील प्रत मागितली, तर नियमात बसत नाही म्हणे.

परवा तेरुकीच्या मृत्यूचा एकोणपन्नासावा दिवस. चार वाजता अस्थी थडग्यात ठेवायच्या. वहिनीला म्हटलं, त्याआधी कागद आणून देतो.

३ मार्च, ट्रकमध्ये, १०.४०
फोन जमा आहे. नोंद हाताने उतरवतोय. मान खाली, डोळे कागदावर — शिट्टी नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

२.१० नाडी शून्य, सक्षम. २.११ शून्य, सक्षम. २.१२ —

१०.५५
अकराही ओळी झाल्या. मान वर केली. शिट्टी. आसनाचा पट्टा आवळला.

ब्रेक दाबला. पाय खाली जातो, ट्रक थांबत नाही. परतीचा फाटा मागे गेला —

११.०२
हललो की पट्टा आवळतो. श्वास रोखला तर शिट्टी थांबते. नाडी ४४. बाई म्हणते, सुधारणा होत आहे.

वहिनी, वही आसनाखाली टाकतोय. अकरा ओळी — नीट वाच — तो झोपला

नाडी ३१. ती इतक्या गोड आवाजात म्हणते, अजून थोडं

चार वाजता माझी वाट